बरणीतला कर्नाळा

अगं, बिनपाण्याचाच कर. तू विचारलंस म्हणून उत्तर आधी देते, कारणं मागाहून सांगते. दिवाळीला दिवाणखान्यात काचेचे स्नो ग्लोब मांडायचे, तेच नाताळपर्यंत ठेवायचे आणि विकत न आणता लेकींना हाताशी घेऊन घरीच करायचे, हा तुझा बेत मला मनापासून आवडला. नव्या घरातली पहिली दिवाळी, सातवा मजला, खाली अंगण नाही, मुलींच्या किल्ल्याला जागा नाही, म्हणून तू हिरमुसली आहेस. फोनवर बोलली नाहीस, पण मला कळलं. तेव्हा आता चहा घेऊन निवांत बस आणि ताईचं जरा ऐक.

पाण्याचा गोळा दिसतो छान, त्यात वाद नाही. हलवला की पांढरे कण तरंगत सावकाश खाली येतात. पण तो घरी करायचा म्हणजे ग्लिसरीन आणा, पाणी उकळून गार करा, झाकण पक्कं बंद करा, आणि एवढं करूनही कधी झाकणाशी थेंब पाझरतो, कधी पाणी हिरवट होतं, तर कधी आतलं लाकूड फुगतं. शिवाय पाण्याने भरलेली गोल काच भिंगाचं काम करते. तुझी गॅलरी पश्चिमेची, दुपारनंतर ऊन थेट आत येतं. असा गोळा पडद्यापाशी राहिला तर ऊन एका बिंदूवर एकवटून कापड जळू शकतं. परदेशात अशा आगी लागलेल्या आहेत. नुसती हवा असलेल्या बरणीत ऊन असं एकवटत नाही.

तिसरं कारण मला सगळ्यांत जवळचं वाटतं. पाण्याच्या गोळ्यात जे एकदा बंद झालं ते कायमचं बंद. कोरड्या बरणीचं झाकण उघडतं. आतलं बदलता येतं, धाकटीला उद्या काही सुचलं तर तेही घालता येतं. तुझ्यासारख्या, पहिल्याच वेळी सगळं नीटनेटकं व्हायला हवं म्हणून जीव टाकणाऱ्या बाईला अशीच वस्तू बरी.

कामाला बसलात की मुलींना या गोळ्याची जन्मकथा सांग. १८७८ च्या पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात पाणी आणि पांढरे कण भरलेले काचेचे गोळे मांडलेले होते. पण ते घरोघरी पोहोचले व्हिएन्नाच्या एर्विन पेर्झी नावाच्या कारागिरामुळे. तो शस्त्रक्रियेची उपकरणं करायचा. १९०० च्या सुमाराला दिव्याचा उजेड वाढवण्यासाठी तो पाणी भरलेल्या काचगोळ्यावर प्रयोग करत होता. उजेड परावर्तित व्हावा म्हणून त्याने पाण्यात चक्क रवा टाकून पाहिला. उजेड काही फारसा वाढला नाही, पण रवा भिजून हळूहळू तळाशी बसू लागला आणि त्याला त्यात हिमवर्षाव दिसला. मग त्याने आत एक छोटं चर्च बसवलं, मारियात्सेलचं. ऑस्ट्रियातलं ते मोठं तीर्थक्षेत्र. पेर्झी घराण्याचा तो कारखाना व्हिएन्नात आजही चालतो.

रव्याचं ऐकून मुली हसतील. पण तुझ्यासाठी त्यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. त्या माणसाने गोळ्यात आपल्या लोकांचं श्रद्धास्थान ठेवलं आणि त्यावर आपल्या मुलखात जे पडतं तेच पाडलं. आपणही तेच करू या. असे गोळे करायच्या व्हिडिओंत दिसतात ती पाइनची झाडं, लाल मोटार आणि बर्फात बुडालेली झोपडी आपल्या मुलींनी कधी पाहिलेली नाहीत. त्यांनी काय पाहिलंय ते आठव.

तू राहतेस कुठे? पळस्पे फाट्याला. तिथे पुण्याकडचा जुना रस्ता आणि गोव्याचा महामार्ग वेगळे होतात. गोव्याच्या रस्त्याला लागलं की आधी शिरढोण, आणि पुढे कर्नाळा. अंगठा वर केल्यासारखा तो सुळका मुली गाडीच्या खिडकीतून किती वेळा बघतात! शिरढोण म्हणजे वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. ४ नोव्हेंबर १८४५ चा त्यांचा जन्म, म्हणजे वाढदिवस बहुतेक दिवाळीच्याच आसपास येतो. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. नातवाने पुढे इंग्रजांविरुद्ध सशस्त्र बंड केलं आणि १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात देह ठेवला. एवढा इतिहास तुझ्या उंबऱ्यापासून थोड्याच अंतरावर असताना मुलींनी दुसऱ्या कुणाचं गाव कशाला बरणीत भरायचं?

आणि दिवाळीतला किल्ला ही तर आपलीच रीत. दगड, विटा, पोतं, वर चिखलाचा लेप, त्यावर अळीव पेरून उगवलेली हिरवळ, मग बाजारातून आणलेले मातीचे मावळे, आणि सगळ्यांत वर सिंहासनावर महाराज. अंगण गेलं म्हणून ही रीत सोडायची नाही. ती बरणीत आणायची. यंदा बरणीत कर्नाळा कर.

आता कृती सांगते. सावकाश वाच.

बरणी रुंद तोंडाची, गुळगुळीत काचेची घे. लोणच्याची, मधाची, कॉफीची चालेल. नक्षीची नको, आतलं वेडंवाकडं दिसतं. लेबल काढायला बरणी गरम पाण्यात बुडवून ठेव. डिंक उरलाच तर खायचा सोडा आणि खोबरेल तेल एकत्र करून चोळ, निघून जातो. लोणच्याचा वास झाकणातल्या रबरात राहतो, म्हणून झाकणात सोडा भरून रात्रभर ठेव आणि सकाळी धू. मग बरणी आणि झाकण दोन्ही उन्हात पूर्ण वाळव. वरवर पुसून भागवू नकोस. आत ओल राहिली तर झाकण लागल्यावर काचेवर वाफ धरते आणि सगळी मेहनत धुरकट दिसते.

मांडणी दोन तऱ्हांनी होते. बरणी उलटी ठेवायची असेल तर झाकण हाच पाया. सगळं झाकणावर चिकटवायचं आणि वरून बरणी फिरवून बसवायची. मुलींना हे सोपं, कारण हात आत घालावा लागत नाही. फक्त झाकणाच्या कडेपासून अर्धा इंच जागा मोकळी सोड, नाहीतर आटे बसत नाहीत. आणि चिकटवण्याआधी प्रत्येक वस्तू बरणीच्या तोंडातून जाते का ते बघ. दुसरी तऱ्हा म्हणजे बरणी सरळ ठेवून तळाशी देखावा मांडायचा. त्याला लांब चिमटा लागतो आणि धीरही लागतो, पण झाकणाच्या आतल्या बाजूने काही टांगता येतं. त्याचं पुढे सांगते. पहिला कर्नाळा उलट्या बरणीत कर.

सुळक्यासाठी काही विकत आणू नकोस. तुमच्या सोसायटीत अजून कुठेतरी बांधकामाची खडी पडलेली असेल. तिच्यातला एखादा उंच, टोकदार, काळा तुकडा मुलींना शोधायला लाव. आपल्याकडची खडी म्हणजे बेसाल्ट, आणि कर्नाळ्याचा सुळकाही बेसाल्टचाच. म्हणजे बरणीत नक्कल नसेल, त्याच जातीचा खराखुरा कातळ असेल. हे थोरलीला सांग. तिला भूगोलात दख्खनचं पठार शिकवलं की ती हा तुकडा विसरणार नाही. मात्र अभयारण्यातून दगड, शेवाळ, पिसं काहीही उचलून आणायचं नाही. तिथलं तिथेच राहू द्यायचं, हेही तिला याच वयात कळू दे.

खडी झाकणावर उभी करायला एम-सील घे. दोन रंगांच्या कांड्या एकत्र मळायच्या, हातात मोजे घालून, आणि तो गोळा दगडाच्या बुडाशी दाबायचा. घट्ट होईपर्यंत त्यालाच डोंगराचा उतार देता येतो. गणपतीतली शाडू उरली असेल तर तीही चालेल. तुमच्याच रस्त्यावरचं पेण तर गणेशमूर्तींचं माहेरघर, तिथे शाडू मिळते. पण शाडूत पाणी असतं. उतार शाडूचा केलास तर सावलीत चांगला खडखडीत वाळू दे, मगच बरणी लाव. फेव्हिकॉलचंही तसंच, एक अख्खा दिवस उघडं ठेवायचं. आणि फेविक्विक बरणीत वापरू नकोस. त्याची वाफ बंद जागेत काचेवर पांढरा थर धरते, तो सहज पुसून जात नाही.

झाडांसाठी तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या तोड. उभ्या लावल्या की हुबेहूब दाट झाडी दिसते, आणि झाकण उघडलं की मंद वासही येतो. पायथ्याला हिरव्या रंगाचा लाकडी भुसा, सणाच्या दिवसांत रांगोळीवाल्याकडे मिळतो. उतारावर बारीक वाळलेलं गवत लाव, कारण दिवाळीपर्यंत आपले डोंगर पिवळे पडू लागलेले असतात. सुळक्याच्या कपारीत काळ्या रंगाचे दोन-तीन ठिपके दे. कर्नाळ्यावर मधमाश्यांची पोळी असतात, मुली ती बरोबर ओळखतील. पायथ्याशी एक पक्षी हवाच, कारण तिथलं अभयारण्य पक्ष्यांचं. कागदाचा कापा किंवा कणकेचा करून रंगवा. कणकेचा असेल तर मिठाच्या पाण्यात मळून पूर्ण सुकवा आणि वरून वॉर्निश द्या. बस्स, एवढंच. बरणीत दाटी करू नकोस. अर्धी बरणी मोकळी राहिली तरच सुळका उंच दिसतो.

आता मुख्य प्रश्न, वरून काय पाडायचं. तू थर्माकोलच्या गोळ्या म्हणालीस, त्या नकोत. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, आणि बंदी नसती तरी मी नकोच म्हटलं असतं. बरणी फुटली किंवा झाकण सुटलं की त्या गोळ्या उडत उडत गटारात जातात आणि तिथून खाडीत. मिठाचा मोह होतो, पण कोकणच्या दमट हवेत मीठ पाणी धरतं, गुठळ्या होतात, झाकणाचा पत्रा गंजतो. साखरेला मुंग्या, रव्याला किडे. पेर्झीचा रवा त्याच्या पाण्याच्या गोळ्यात ठीक होता. आपल्याकडे त्याहून चांगली वस्तू घराघरात आहे. साधी पांढरी रांगोळी! ती दगडाची पूड. पाणी धरत नाही, मुंगी लागत नाही. भरड बघून घे आणि चाळणीने चाळून बारीक धूळ काढून टाक, नाहीतर काचेला चिकटते. दोन चमचे पुरतात.

मात्र एक आधीच सांगते, म्हणजे मुलींचा हिरमोड होणार नाही. पाणी नसल्यामुळे रांगोळी तरंगत नाही, हलवली की झरकन खाली येते. तरंगल्यासारखं दिसायला हवं असेल तर सरळ बरणीत तंगूस वापर. बारीक तंगूसाचे तुकडे घे, त्यावर अंतराअंतराने फेव्हिकॉलचा ठिपका देऊन कापसाचे इवलेसे पुंजके चिकटव आणि वाळल्यावर ते तुकडे झाकणाच्या आतून टांग. तंगूस दिसत नाही, पुंजके हवेत थांबल्यासारखे वाटतात. आपल्या कर्नाळ्याला बर्फ नको, धुकं पाहिजे. म्हणून तिथे मोठे पुंजके करू नकोस. कापूस बोटांनी ताणून पातळ कर आणि सुळक्याच्या मध्यावर गुंडाळ. कातळाचं टोक वर, धुकं खाली, पहाटे दिसतो तसा.

आणि हीच बरणी वर्षभर कशी चालेल बघ. नाताळला कर्नाळा झाकणासकट उचलून ठेवायचा आणि तशाच दुसऱ्या झाकणावर गोठा करायचा. वसईच्या आणि गोव्याच्या घरांत नाताळला गोठा मांडतात, तो तुझ्या लेकींनी पाहिलाय. डिसेंबरपर्यंत भातकापणी झालेली असते, तेव्हा खरा पेंढा मिळतो. त्याच्या बारीक काड्यांचं छप्पर, कागदाचा एक तारा, दोन गुरं आणि बाळ. शेजारी कुणाचा सण असेल तर त्यांनाही एक बरणी करून दे. होळीच्या सुमाराला पळस फुलतो. त्याच्या पाकळ्या वाळून काळवंडतात, म्हणून त्या केशरी क्रेप कागदाच्या कर आणि तंगूसावर टांग. एप्रिल-मेमध्ये सावरीच्या बोंडातून कापूस उडतो, तो गोळा करून पुढच्या दिवाळीच्या धुक्यासाठी ठेव. श्रावणात बारीक काचमणी ओवलेला पाऊस. सणानुसार झाकण उघडायचं, आतलं पुठ्ठ्याच्या खोक्यात नीट ठेवायचं, नवं मांडायचं.

झाकण लावायची वेळही निवड. कोरड्या दुपारी लाव, पावसाळी संध्याकाळी लावलंस तर आत दमट हवाच कोंडली जाईल. नव्या चपलांच्या खोक्यात सिलिका जेलची पुडी येते ना, ती उताराच्या आत लपव. पुडी मात्र मुलींच्या हाती देऊ नकोस.

आणि इथे ताईचा आवाज थोडा चढेल. झाकणाखाली दिव्यांची छोटी माळ लावायची तुझी इच्छा आहे. लाव, देखावा खुलतो. पण त्या माळेत बटणासारखी चपटी बॅटरी असते. लहान मुलाने ती गिळली तर अन्ननलिकेत अडकून काही तासांत आतून भाजते, जिवावर बेतू शकतं. धाकटी अजून सगळं तोंडात घालते. म्हणून माळ अशी घे, जिचं बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होतं, आणि जुनी बॅटरी काढली की त्याच क्षणी चिकटपट्टीत गुंडाळून उंचावर ठेव. कधी शंका आलीच की गिळली, तर वाट बघू नकोस, उलटी करवू नकोस, थेट रुग्णालय गाठ. गरम गोंदाची बंदूक वापरलीस तर तीही तुझ्याच हातात राहू दे. बरणी टेबलाच्या कडेला नको, आत सरकवून ठेव.

आता मनातलं. तुला हे सगळं सोसायटीच्या सजावट स्पर्धेसाठी करायचंय का? तसं असेल तरी वाईट नाही, पण मग मुलींना त्यात ओढू नकोस. स्पर्धेची बरणी तू एकटी, रात्री, तुझ्या मनासारखी कर. मुलींबरोबरची बरणी मात्र त्यांच्या मनासारखी होऊ दे. धाकटीने सुळक्यावर गुलाबी रंग फासला तर फासू दे. थोरलीने मावळ्याशेजारी विमान ठेवलं तर ठेवू दे. तुमच्या खिडकीतून आता विमानं दिसतात, तिच्या डोळ्यांना कर्नाळा आणि विमान एकाच आकाशात दिसतात, ते खरंच आहे. त्यांच्या झोपेनंतर तू गुपचूप चिमट्याने सगळं सरळ करशील, ते मात्र करू नकोस. सकाळी मुलींना कळतं. त्या बोलत नाहीत, पण पुढच्या वेळी कामाला बसायला येत नाहीत.

सासूबाईंनाही बोलाव. त्या कशाला येतील, असं तू म्हणशील. अगं, त्यांच्या लहानपणी अंगणात किल्ला कसा करायचे, अळीव किती दिवस आधी पेरायचे, हे सगळं त्यांनाच ठाऊक. तू सांगून मुली ऐकणार नाहीत, आजीने सांगितलं की ऐकतील. तुमच्या दोघींत सध्या थोडा ताण आहे. मी तो मिटवायला बसलेली नाही, आणि बरणी करून तो मिटणारही नाही. पण एकाच टेबलाभोवती हात कामात असले की माणसं जरा सैल बोलतात. तेवढं झालं तरी दिवाळीचं काम झालं.

आणि नवऱ्याला खरेदीची यादी देऊन मोकळी होऊ नकोस. खडी शोधायला मुलींबरोबर त्यालाच पाठव. एका रविवारी सगळ्यांनी मिळून शिरढोणला फडक्यांचं गाव बघा, पुढे कर्नाळ्याला जा, खालून सुळका नीट बघा. कुठली बाजू सरळ तुटलेली आहे, कुठे झाडी थांबते, कातळ कुठून सुरू होतो हे मुलींना कागदावर काढायला सांग. आधी नीट बघायचं, मग करायचं. माझं सगळं सांगणं एवढ्यात आलं. बघितलं नाही तर बरणीत विकतचं चित्र उतरेल, आणि बघितलं तर मुलींचं स्वतःचं गाव.

पळस्पे तुला अजून आपलं वाटत नाही, हेही मला ठाऊक आहे. नुसता फाटा आहे, ट्रकचा आवाज आणि धूळ, असं तू म्हणतेस. वाटेल हळूहळू. पण आपोआप वाटत नाही, त्यासाठी गावाकडे लक्ष द्यावं लागतं, आणि मुलींबरोबर खडीचा तुकडा शोधणं ही त्याची बरी सुरुवात आहे.

यंदा दिवाळीला मुलींबरोबर एकच बरणी कर. पाच-सहा करायचा हट्ट धरू नकोस, फराळही तुलाच करायचाय. रिकाम्या बरण्या मात्र टाकू नकोस, फडताळात ठेव. भाऊबीजेनंतर मी चार दिवस राहायला येते. येताना तंगूस, क्रेप कागद आणि माझा लांब चिमटा आणते. तोवर कर्नाळा उभा असला पाहिजे, गुलाबी असला तरी. नाताळचा गोठा आपण सगळ्या मिळून करू.